नेता आणि विनय

सज्जनहो, आषाढी एकादशी जवळ आली की गावोगावच्या शाळांतून बालदिंड्या निघतात. गुडघ्याएवढा विठोबा कमरेवर हात ठेवून उभा राहतो, चिमुकली रखुमाई मध्येच लुगडे सावरते, आणि मास्तर शिट्टी फुंकीत मागेपुढे धावतात. हे पाहून कोणाचे मन प्रसन्न होणार नाही? परंतु दिंडीच्या अग्रभागी जो मुलगा पताका घेऊन चालतो, त्याला आपण काय शिकविले, एवढाच प्रश्न आज विचारास घ्यावयाचा आहे.

मुलांच्या अंगी नेतृत्व यावे असे हल्ली सर्वजण म्हणतात. शाळेत वर्गनायक निवडतात, शालेय मंत्रिमंडळ नेमतात. कोणी मुख्यमंत्री, कोणी स्वच्छतामंत्री. चांगलेच आहे. पण नेतृत्व म्हणजे काय हे मुलाला समजावून दिले नाही, तर तो आजूबाजूला जे पाहतो तेच उचलतो. आणि आजूबाजूला काय दिसते ते मी सांगायला नको. मग वर्गनायकाचे काम एवढेच उरते, की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहायची आणि आपल्या मित्राचे नाव पुसायचे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. संस्कृतात ‘नी’ धातूचा अर्थ नेणे. त्यापासून ‘नेता’ शब्द झाला. त्याच धातूपासून ‘नेत्र’ झाला, आणि ‘वि’ उपसर्ग लागून ‘विनय’ही त्यापासूनच झाला. म्हणजे नेता, नेत्र आणि विनय ही तिन्ही एका घरची भावंडे. जो नेतो त्याला डोळा हवा आणि नम्रता हवी. नुसता पुढे चालतो तो नेता नव्हे. बैलही गाडीच्या पुढेच चालतो. बरोबरच्यांना मुक्कामी पोहोचवितो तो नेता.

हा अर्थ मी पाठशाळेत घोकला होता, पण कळला फार उशिरा. माझीच चूक सांगतो. काही वर्षांमागे एका गावी उन्हाळ्याच्या सुटीत मी मुलांचे शिबिर चालविले. शेवटल्या दिवशी दोन कोसांवरच्या मारुतीपर्यंत दिंडी न्यायची ठरली. शिबिरात एक बारा वर्षांचा मुलगा होता; आवाज खणखणीत, पाठांतर चोख. मी त्या आवाजाला भुललो. रोज वीणा त्याच्याच गळ्यात, रोज पुढे तोच. त्या दिवशीही तो झपझप चालला, मीही कौतुकाने त्याच्या बरोबरीने चाललो. मारुतीपाशी पोहोचून जयघोष केला, तोच मागून एक मुलगी धावत आली. शिबिरात ती कधी तोंड उघडीत नसे. म्हणाली, “बुवा, आपण एकेचाळीस निघालो होतो. आलो चाळीसच.”

पायाखालची जमीन सरकली. आम्ही उलट पावली धावलो. ओढ्याकाठच्या बाभळीखाली पहिलीतला एक पोरगा बसला होता. चपलेचा अंगठा तुटला होता, पायात काटा, रडून आवाज बसलेला. उन्हाळा म्हणून ओढा कोरडा होता. आषाढ असता तर? आजही हा विचार आला की जीव थरकतो.

पुढे चालणारा मुलगा मान खाली घालून उभा होता. मी त्याला बोलणार, एवढ्यात मनात आले, याला पुढे चालायला मीच शिकविले; मागे वळून पाहायला कुठे शिकविले? आणि त्या मुलीला तर मी काहीच शिकविले नव्हते. तिने न सांगता मोजले होते. नेता कोण होता, सांगा बरे!

वास्तविक ही विद्या आपल्या घरातच आहे. अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. पहारे लावून एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आजचा विणेकरी उद्या टाळ घेऊन मागे उभा राहतो. कोणी म्हणेल, “बुवा, सगळेच पुढारी झाले तर ऐकणार कोण?” अहो, ज्याने वीण्याचा भार एकदा सोसला, तोच दुसऱ्याच्या वीण्याला नीट साथ देतो!

दुसरा पाठ माउलींच्या पालखी सोहळ्यातला. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि टाळमृदंग थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यावर ओरडत नाही. तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणे ऐकतो. हातात चोप असून कान देणे, हे नेतृत्व. वर्गात कोणी पोर गडबड करीत असेल तर त्याचे नाव फळ्यावर लिहिण्याआधी वर्गनायकाने एकदा जवळ जाऊन विचारावे, “का रे, काय झाले?”

तिसरा पाठ हातांचा. गाडगेबाबा गावात येत ते खराटा घेऊन. आधी गाव झाडीत, मग रात्री कीर्तन. आधी केले, मग सांगितले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि आपली कामे आपण करीत. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांना स्वच्छतेवर व्याख्यान देत बसले नाहीत; मुलांच्या खोल्या स्वतःच आवरीत. ते पाहून मुलांचे हात आपोआप हलत. भाषणस्पर्धेत पहिला आलेला मुलगा चांगला वक्ता होईल. पण पंक्तीत शेवटच्या पानावर वाढले गेले की नाही हे पाहणारा मुलगा पुढे गाव सांभाळील.

तेव्हा शिक्षकांना आणि आईबापांना हात जोडून सांगणे एवढेच. यंदाच्या बालदिंडीत वीणा एकाच मुलाकडे ठेवू नका, पहारे लावा. जे मूल बोलत नाही त्यालाही एक पहारा द्या. थोडा वेळ गडबड होईल, ताल चुकेल; होऊ द्या. सर्वांत थोर मुलाला शेवटी चालवा आणि दर थांब्याला मोजायला सांगा. चुकले तर चारचौघांत लाज काढू नका, “पुढल्या वेळी काय करशील?” एवढेच विचारा.

पुढल्या वर्षी त्याच गावी पुन्हा शिबिर झाले. वीणा त्या मुलीच्या गळ्यात होती. आवाज बारीक, पण चाल संथ, लहानांना झेपेल अशी. आणि तो खणखणीत आवाजाचा मुलगा सर्वांच्या मागे, एका दमलेल्या पोराला पाठुंगळी घेऊन चालला होता. मारुतीपाशी येताच त्याने तेथूनच हाक दिली, “बुवा, सगळे आले!”

सज्जनहो, वाखरीपर्यंत पहिला कोण पोहोचला हे पांडुरंग विचारीत नाही. वाटेत कोणी राहिले का, हे मात्र आपल्याला एक दिवस सांगावे लागेल.

रामकृष्णहरि!