डांबरी सडकेवर पुढील चाकांची जोडणी
चारही चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर चिखलणीत उपयुक्त खरा. परंतु उसाची ट्रॉली कोरड्या डांबरी सडकेवरून नेताना पुढील चाकांची जोडणी सोडावी. या ट्रॅक्टरात पुढील चाकांची गती मागील चाकांहून सर्वसाधारणपणे शेकडा १ ते ५ अधिक ठेवलेली असते. मऊ मातीत चाक किंचित घसरते व हा फरक जिरतो. डांबरावर तो जिरण्यास वाव नसतो. मग पुढील टायर झिजतात, गिअरच्या दात्यांवर ताण येतो, स्टेअरिंगही जड होते. टायरांच्या किमती पाहता ही हयगय परवडणारी नाही.

तीव्र उतार मात्र अपवाद होय. पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागील चाकांनाच लागतात. तेथे भरल्या ट्रॉलीसह उतरण्यापूर्वीच जोडणी करावी, म्हणजे पुढील चाकेही वेग आवरण्यास साहाय्य करतात.