जपानी नातेवाचक शब्द : एक अभ्यास

कोणत्याही भाषेचा अभ्यास घरातील माणसांपासून सुरू करावा, असे आम्हांस वाटते. जपानी भाषेत पहिल्याच धड्यात आईसाठी दोन शब्द भेटतात. परक्यांशी स्वतःच्या आईविषयी बोलताना 'हाहा' म्हणावयाचे. दुसऱ्याच्या आईविषयी बोलताना 'ओकासान'. वडिलांसाठी याच क्रमाने 'चिचि' आणि 'ओतोसान'. घरात प्रत्यक्ष हाक मारताना मात्र आपली आईही 'ओकासान'च असते. बाहेर आपल्या माणसांचा उल्लेख नम्रतेने आणि दुसऱ्यांच्या माणसांचा आदराने करावा, हे यामागील सूत्र होय.

भावंडांत वयाला महत्त्व आहे. थोरला भाऊ 'आनि', धाकटा 'ओतोतो'. थोरली बहीण 'आने', धाकटी 'इमोतो'. थोरल्यांना हाक 'ओनीसान', 'ओनेसान' अशी, आपल्या दादा-ताईप्रमाणेच, धाकट्यांना नावाने. काका आणि मामा या दोघांना मात्र एकच 'ओजिसान'. येथे मराठी अधिक बारकावा राखते. उच्चारही जपावा. 'ओजिसान' म्हणजे काका, तर 'ओजीसान' म्हणजे आजोबा. एका वेलांटीने पिढी बदलते!

इतिहासाचे अभ्यासक म्हणून येथे आम्हांस आपल्या आजी-आजोबांचे स्मरण होते. वयाने वडील असूनही गावात त्यांच्या वाट्याला एकेरी हाक आली. तो लादलेला कमीपणा होता. 'हाहा'मधील नम्रता निराळी आहे. ती धनिकालाही आपल्या आईविषयी पाळावी लागते आणि मजुराच्या आईला तो 'ओकासान'च म्हणतो. परस्परांनी पाळली, तरच ती नम्रता.

तथापि केवळ आदरार्थी शब्दांनी समता येत नाही. जपानमधील बुराकु समाजाचा हीन दर्जा १८७१च्या फर्मानाने कायद्यातून गेला, व्यवहारातून गेला नाही. म्हणून १९२२ मध्ये त्यांना 'सुइहेइशा' ही संघटना स्थापन करावी लागली. शब्दांमागे आचरण हवे, हाच याचा बोध.

म्हणून विद्यार्थ्यांनी हे शब्द शिकावेत आणि वसतिगृहात भेटीस येणाऱ्या मित्राच्या आईला, तिचे लुगडे नवे असो वा विरलेले, 'ओकासान'चाच मान द्यावा. स्वतःच्या आईची ओळख करून देताना शब्द नम्र असावेत. मान मात्र ताठ असावी.