चित्र पडद्यावर, शब्द शिक्षकाच्या मुखी

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर रंगविलेली चित्रे पडद्यावर उमटत आणि कथा निवेदकाच्या वाणीतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचे. शाळेत आता प्रोजेक्टर आला असला, तरी कामाची ही वाटणी शिक्षकांनी विसरू नये.

पुष्कळदा पुस्तकातील परिच्छेदच पडद्यावर उतरविले जातात व शिक्षक ते वाचून दाखवितात. अशा वेळी मुलांचे धड वाचनही होत नाही, धड ऐकणेही होत नाही. ज्यास अद्याप सफाईने वाचता येत नाही, ते मूल तर पाठातून पार वगळलेच जाते.

उदाहरणार्थ, जलचक्राचा पाठ घ्यावा. प्रथम तळे व वर तळपणारा सूर्य, एवढेच चित्र दाखवावे. “उन्हाळ्यात तळ्यातले पाणी कोठे जाते?” असे विचारून थांबावे. उत्तरे आल्यावरच ढगाचे चित्र आणावे. ‘बाष्पीभवन’ हा नवा शब्द फळ्यावर लिहावा. म्हणजे चित्र गेले तरी तो मुलांच्या डोळ्यांसमोर राहील.

आदल्या दिवशी शिक्षकांनी स्वतः वर्गात अगदी मागे बसून पडदा पाहावा. खिडकीचा उजेड त्यावर पडत असल्यास जागा बदलावी. वीज गेल्यास पाठ अडू नये, म्हणून त्याच आकृती खडूने काढण्याचा सराव ठेवावा.

शेवटी प्रोजेक्टर बंद करून मुलांकडून सारा क्रम वदवून घ्यावा. वाचनात मागे असलेले मूलही तो आपल्या शब्दांत सांगू लागले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.