अलर्ट कोणाच्या नावाने निघतो?

सर्व्हरवर देखरेखीची यंत्रणा बसवताना सगळ्यांचं लक्ष एकाच रकान्याकडे असतं: अलर्ट कोणाला पाठवायचा. तो कोणाच्या पत्त्यावरून निघेल, हा रकाना सॉफ्टवेअरसोबत जसा आला तसाच राहून जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या लहानमोठ्या संस्थांचे सर्व्हर सांभाळताना मी जे पाहिलं, त्यावरून सांगतो: अलर्ट पोचणार की नाही, हे बहुतेकदा या दुसऱ्या रकान्यातच ठरतं.

मोठ्या शहरात हे दुर्लक्ष एखाद वेळी निभावून जातं. सर्व्हर बंद पडला तर कुणीतरी दोन जिने उतरून बघून येतं. आमच्याकडे चंद्रपूरहून आलापल्लीमार्गे भामरागड गाठायचं म्हणजे दिवसाचा मोठा भाग रस्त्यातच जातो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हा एसी नसलेल्या खोलीतल्या हार्ड डिस्क आणि यूपीएसच्या बॅटऱ्यांवर ताण येतो. अशा ठिकाणी वेळेवर मिळालेला एक अलर्ट म्हणजे पूर येण्याआधी नवी डिस्क रवाना करायला मिळालेला अवधी. म्हणून या विषयाकडे मी किरकोळ सेटिंग म्हणून पाहू शकत नाही.

एका पतसंस्थेचा जून महिना

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर शाखा असलेल्या एका पतसंस्थेचा मुख्य सर्व्हर जूनमध्ये बंद पडला. तेंदूपत्त्याचा हंगाम नुकताच आटोपला होता, मजुरीतून लोकांनी थोडी बचत जमा केली होती आणि धानाचे पऱ्हे टाकायची वेळ आली होती. बियाण्यासाठी पैसे काढायला खेड्यांतून आलेल्या सभासदांना शाखांमधून तसंच परतावं लागलं. त्यांचं बसभाडं गेलं आणि दिवसाची मजुरीही बुडाली.

त्या सर्व्हरची रचना खरं तर चांगली होती. दोन डिस्क, एकीवरचं सगळं जसंच्या तसं दुसरीवर. एक गेली तरी काम चालू राहावं म्हणून. लिनक्समधला ‘एमडीएडीएम’ हा प्रोग्राम या जोडीवर पहारा ठेवतो आणि एक डिस्क निकामी झाली की मेल पाठवतो. तरीही दोन्ही डिस्क गेल्या. याचा अर्थ, पहिली गेल्याचं कोणाला कळलंच नव्हतं. मला बोलावणं आलं तेव्हा व्यवस्थापक एकच गोष्ट सांगत होते: आम्हाला एकही मेल आला नाही. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

दुसऱ्या डिस्कवरून जेवढं वाचता आलं तेवढं बाहेर काढलं, त्यात ‘रूट’ या खात्याची मेलपेटी सापडली. पहिली डिस्क गेल्यापासून रोज सकाळी एक अलर्ट निघाला होता आणि तो रोज परत आला होता. परत येण्याचं कारणही प्रत्येक वेळी एकच लिहिलेलं: पाठवणाऱ्याचं डोमेन सापडत नाही. सर्व्हर बसवणाऱ्याने यंत्राला ‘डॉट लोकल’ने संपणारं नाव दिलं होतं आणि अलर्ट त्याच नावाने जात होता. ‘डॉट लोकल’ हे नाव फक्त इमारतीच्या आतल्या नेटवर्कसाठी राखून ठेवलेलं आहे. बाहेरच्या इंटरनेटवर तसं डोमेन असूच शकत नाही. मेल घेणाऱ्या सर्व्हरने नियमाप्रमाणे तो नाकारला. नाकारल्याची सूचना पाठवणाऱ्या पत्त्याकडे गेली, म्हणजे त्याच सर्व्हरच्या त्याच खात्यात, जे उघडून पाहण्याचं काम कोणाकडेच नव्हतं.

पुढे बॅकअपवरून सर्व्हर उभा राहिला. मधल्या दिवसांच्या नोंदी कर्मचाऱ्यांना व्हाउचर पाहून पुन्हा भराव्या लागल्या. एक डिस्क बदलण्याच्या कामासाठी एवढ्या लोकांना त्रास सोसावा लागला, याचं मला आजही वाईट वाटतं. कारण बिघाड यंत्राने वेळेत ओळखला होता आणि सांगितलाही होता.

एका मेलचे दोन प्रेषक

पुढचं सगळं समजायला एवढं लक्षात घ्यावं लागतं की प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. टपालात लिफाफ्यावर एक पत्ता असतो आणि आतल्या पत्राच्या माथ्यावर दुसरा. इथेही तसंच आहे. लिफाफ्यावरचा पत्ता मेल सर्व्हर आपसात वापरतात आणि न पोचलेला मेल त्याच पत्त्यावर परत येतो. आतला ‘फ्रॉम’ आपल्याला पडद्यावर दिसतो. देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण भरतो तो बहुधा आतला असतो. बाहेरचा पत्ता सर्व्हर स्वतःच्या नावावरून आपोआप तयार करत असेल, तर आतला कितीही नीट लिहिला तरी अलर्ट अडकू शकतो. दोन्ही तपासा.

१९८२ साली मेल पाठवण्याचे मूळ नियम ठरले, तेव्हा पाठवणारा जे नाव सांगेल त्यावर विश्वास ठेवला जाई. खोट्या नावांचा सुळसुळाट झाला आणि तपासण्या आल्या. ‘एसपीएफ’ ही डोमेनच्या डीएनएसमधली नोंद सांगते की या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. ‘डीकेआयएम’ म्हणजे मेलवरची डिजिटल सही. ‘डीमार्क’ पाहतो की दिसणारा ‘फ्रॉम’ आणि या दोन्हींपैकी किमान एक तपासणी एकाच डोमेनची आहे ना. नसेल तर मेल घ्यावा, स्पॅममध्ये टाकावा की नाकारावा, हे डोमेनच्या मालकाने आधीच सांगून ठेवलेलं असतं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने हे नियम आणखी कडक केले. जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक हवंच. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. वर्षानुवर्षं सुरळीत चाललेले काही अलर्ट त्या सुमारास अचानक स्पॅममध्ये का जाऊ लागले, त्याचं उत्तर इथे आहे.

घाईचे उपाय टाळा

अलर्ट येत नाही हे कळल्यावर लोक जे उपाय करतात, त्यांतले तीन मी वारंवार पाहिले.

पहिला: ‘फ्रॉम’मध्ये साहेबांचाच जीमेल पत्ता टाकणं. आपला सर्व्हर गूगलचा नाही, त्यामुळे जीमेलच्या नावाने निघालेला त्याचा मेल तोतया ठरतो. आपल्या सर्व्हरवरून असा ‘फ्रॉम’ लावू नका, हे गूगलच्या २०२४च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

दुसरा: एखाद्या कर्मचाऱ्याच्या खाजगी जीमेल खात्याचा पासवर्ड सर्व्हरमध्ये भरून ठेवणं. ३० मे २०२२पासून गूगलने नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामना प्रवेश देणं थांबवलं, आणि अशा कितीतरी यंत्रणा एका दिवसात मुक्या झाल्या. ॲप पासवर्ड घेऊन ही वाट आजही चालते, पण खातं एका माणसाचं राहतं. त्याची बदली झाली, त्याने नोकरी सोडली किंवा पासवर्ड बदलला की अलर्ट थांबतात, आणि थांबल्याचं सांगायला काहीच उरत नाही.

तिसरा: कार्यालयातल्या ब्रॉडबँडवरून थेट मेल पाठवणं. लाईन बदलली, लीज्ड लाईन जाऊन साधं फायबर आलं की सार्वजनिक आयपी पत्ता बदलतो. एसपीएफमध्ये जुनाच आयपी राहतो आणि मेल तपासणीत नापास होतो. शिवाय अनेक ब्रॉडबँड जोडण्यांवर थेट मेल पाठवण्याचा २५ क्रमांकाचा पोर्ट बंदच असतो.

नीट कसं करावं

संस्थेचं स्वतःचं डोमेन असेल तर त्यावर अलर्टसाठी एक वेगळा, खराखुरा मेलबॉक्स उघडा. तो माणसाच्या नावाचा नको, कामाच्या नावाचा हवा: ‘अलर्ट’ किंवा ‘देखरेख’. ज्या मेल सेवेवर तो आहे, तिच्या ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून, त्याच मेलबॉक्सचं लॉगिन वापरून सगळ्या सर्व्हरना मेल पाठवू द्या. आयपी कितीही वेळा बदलला तरी मेल अधिकृत दारातूनच बाहेर पडतो. डोमेनच्या एसपीएफमध्ये त्या सेवेचं नाव आहे आणि डीकेआयएमची सही सुरू आहे, एवढं पाहून घ्या. एसपीएफची नोंद एकच ठेवा आणि तिच्यातून होणाऱ्या डीएनएस चौकशा दहाच्या आत ठेवा. त्यापुढे ती नोंद निकामी धरली जाते.

मग प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तो पत्ता हाताने भरा. एमडीएडीएमच्या फाइलमध्ये अलर्ट घेणाऱ्यासाठी ‘मेलॲडर’ आणि पाठवणाऱ्यासाठी ‘मेलफ्रॉम’ अशा दोन ओळी असतात. लोक पहिली भरतात आणि दुसरी विसरतात. मॉनिटमध्ये ‘सेट मेल-फॉरमॅट’खाली ‘फ्रॉम’ द्यावा लागतो, नाही तर तो यंत्राच्या नावाने मेल पाठवतो. झॅबिक्समध्ये ‘मीडिया टाइप’मधल्या ईमेलच्या रकान्यात ‘एक्झाम्पल डॉट कॉम’चा नमुना पत्ता असतो, ते डोमेन फक्त उदाहरणांसाठी राखीव आहे, ते कधीही तसंच ठेवू नका. ग्राफानातही मूळ पत्ता ‘लोकलहोस्ट’वर संपतो, तो बदला. नॅगिओस मेल पाठवण्यासाठी सर्व्हरचीच ‘मेल’ आज्ञा वापरतो, त्यामुळे पत्ता त्या आज्ञेतच द्यावा लागतो. पोस्टफिक्स असेल तर ‘एसएमटीपी जेनेरिक मॅप्स’ ही सोय बाहेर जाणाऱ्या मेलचा स्थानिक पत्ता बदलून खरा लावते, आणि ती लिफाफ्यावरचा व आतला असे दोन्ही पत्ते बदलते. क्रॉन आणि बॅकअपसारखे जे प्रोग्राम आपल्या लक्षातही नसतात, त्यांचे मेलसुद्धा याने मार्गी लागतात.

पत्ता एकच असला तरी त्यासोबत दिसणारं नाव प्रत्येक सर्व्हरचं वेगळं ठेवा. ‘एटापल्ली शाखा’, ‘सिरोंचा शाखा’ असं मोबाईलच्या पट्टीवरच दिसलं, तर मेल न उघडताही माणूस हालचाल सुरू करतो. आमच्या जंगलांत फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम असतो. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या मदतीने आगीची ठिकाणं शोधतं आणि नोंदणी केलेल्यांना एसएमएस व ईमेलने कळवतं. तो संदेश कोणाचा आहे आणि कोणत्या भागाबद्दल आहे, हे वाचणाऱ्याला तत्काळ कळतं, म्हणून त्यावर कामही होतं. आपल्या अलर्टलाही तीच ओळख हवी. सगळ्यांनी हा पत्ता फोनच्या संपर्कांत जतन करावा आणि त्याला वेगळा आवाज लावावा.

परत येणाऱ्या मेलचा वाली ठरवा. अलर्टचा मेलबॉक्स किमान दोन माणसांच्या फोनवर उघडा असावा. ‘नोरिप्लाय’ नाव देऊन तो बंद करून टाकलात, तर न पोचलेल्या अलर्टची एकमेव खूण तुम्ही स्वतःच पुसता. सॉफ्टवेअर परवानगी देत असेल, तर ‘ऑटो-सबमिटेड’ हे शीर्ष जोडा. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीवर गेलेल्यांची आपोआप उत्तरं त्या पेटीत साचून खरी सूचना झाकली जाणार नाही.

पोचतो आहे, हे रोज कळायला हवं

सगळं भरल्यावर चाचणी मेल संस्थेच्या पत्त्यावर पाठवा आणि एखाद्या जीमेल खात्यावरही पाठवा. जीमेलमध्ये तो उघडून ‘शो ओरिजिनल’ निवडा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींसमोर ‘पास’ दिसलं पाहिजे. पोस्टफिक्स न गेलेला मेल साधारण पाच दिवस रांगेत धरून ठेवतो, म्हणून सर्व्हरवरची रांगही रिकामी आहे ना ते पाहा.

त्यानंतर रोज सकाळी ठरलेल्या वेळी प्रत्येक सर्व्हरने ‘सर्व ठीक’ असा एक मेल याच पत्त्यावरून पाठवावा, अशी व्यवस्था करा. तो आला नाही, तर तोच अलर्ट समजा. गडचिरोलीत याला विशेष महत्त्व आहे, कारण वीज आणि जोडणी दोन्ही गेल्यावर तिथला सर्व्हर काहीच पाठवू शकत नाही. म्हणून तिथल्या शाखेवर नजर ठेवणारं यंत्र चंद्रपूर किंवा नागपुरात असावं, आणि मेल सर्व्हरच्या बिघाडाची सूचना त्याच मेल सर्व्हरवर अवलंबून असू नये. तिच्यासाठी एसएमएसची वेगळी वाट ठेवा.

ही तपासणी दरवर्षी मृग लागण्याआधी करा, आणि नेटवर्क किंवा मेल सेवा बदलली की त्याच दिवशी पुन्हा करा. नोंदवहीत दोन नावं लिहा: अलर्टचा मेलबॉक्स कोण पाहतं आणि तो माणूस रजेवर असला तर कोण पाहतं. ही दोन नावं तुमच्या संस्थेत आज कोणाला सांगता येत नसतील, तर नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी ती ठरवा.