सिव्हिलला नाक मुरडण्याआधी

सीईटीचा निकाल लागला की वाशी, नेरुळ, खारघरच्या पालकांचा एकच प्रश्न येतो: "कम्प्युटर नाही मिळालं तर आयटी घ्यावं की एआय?" सिव्हिलचं नाव काढलं की चेहरे पडतात. ज्याला प्रोग्रॅमिंगची खरी ओढ आहे त्याने कम्प्युटरला जरूर जावं. पण शेजारच्यांची मुलगी बंगळुरूला लागली म्हणून आपल्या मुलाला कोडिंगला बसवणं ही शुद्ध जबरदस्ती आहे.

मला बोलायचंय ते जिओटेक्निकल इंजिनिअरिंगबद्दल. माती, खडक आणि पाया यांचा अभ्यास करणारी ही सिव्हिलची शाखा. पायाखालची जमीन बदलली की काय होतं ते पाहा. मे २०२० मध्ये रशियात नोरिल्स्कला टाकी फुटून सुमारे वीस हजार टन डिझेल नदीत आणि जमिनीत गेलं. टाकीखालचे खांब खचले होते आणि कायम गोठलेली जमीन वितळल्याने हे झालं, असं टाकीच्या मालक कंपनीने सांगितलं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. बारीक मातीत बर्फाचे थर खालचं पाणी वर ओढून घेत वाढतात आणि पाया उचलतात. बर्फ वितळला की त्याच मातीचा चिखल होऊन पाया खचतो. म्हणूनच अलास्काची तेलवाहिनी निम्म्याहून अधिक अंतर खांबांवरून जाते.

आपल्याकडे बर्फ नाही, पण पाणी आणि माती यांचं भांडण तेच आहे. नवी मुंबईचा विमानतळ खाडीकाठच्या मऊ गाळाच्या जमिनीवर उभा राहिला. अशा गाळात उभ्या निचरापट्ट्या रोवून वर भराव टाकतात; गाळातलं पाणी दाबाने निघून जातं आणि जमिनीला जे खचायचं ते बांधकामाआधीच खचतं. किती भराव आणि किती महिने, हे गणित जिओटेक्निकल इंजिनिअर मांडतो. हे काम तुमच्या घरापासून तासाभराच्या आत झालं आहे, आणि तरी "सिव्हिलला स्कोप नाही" असं तुम्ही मुलाला सांगता.

"मुलगी साइटवर कशी जाणार?" हाही ठरलेला प्रश्न. चिनाब नदीवरच्या रेल्वेपुलाच्या उतारांच्या आणि पायांच्या जिओटेक्निकल कामात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापक जी. माधवी लता सुमारे सतरा वर्षं सल्लागार होत्या. पूल जून २०२५ मध्ये सुरू झाला. तेव्हा हा प्रश्न आता थांबवा.

अडचणीही सांगतो. सुरुवातीचा पगार चांगल्या आयटी कंपनीपेक्षा कमी असतो. चिखलात, उन्हात उभं राहावं लागतं. नुसत्या बी.ई.वर फार पुढे जाता येत नाही. गेट देऊन एम.टेक. करावं लागतं. आयआयटी मुंबईत या विषयाचं एम.टेक. आहे. ज्याला गणित आवडतं आणि बाहेर हिंडायलाही आवडतं, त्यानेच इकडे यावं.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी मुलाला काय हवं ते एकदा विचारा आणि मधे न तोडता ऐका. तो सिव्हिल म्हणाला, तर पहिल्या क्रमांकावर सिव्हिलच टाकू द्या.