वावरातली मेहनत, व्यायाम आणि कॅन्सर

‘डॉक्टर, आमचा जन्म वावरात गेला. आमाले व्यायामाची काय गरज जी?’ यवतमाळ जिल्ह्यात कॅन्सर टाळण्यासाठी चाला असं सांगितलं, की हा प्रश्न हमखास येतो. तो रास्तही आहे, म्हणून आज त्याचंच उत्तर देतो.

डवरणी, निंदण, वेचणी, ओझी वाहणं या सगळ्याचा शरीराला उपयोग होतोच. पण आज हे काम घरातलं नेमकं कोण करतं आणि वर्षातले किती महिने, ते आठवून पाहा. नांगरणी, वखरणी ट्रॅक्टरवर गेली. तणनाशक आल्यापासून निंदणाचे दिवस घटले. घरातला तरुण मोटारसायकलने धुऱ्यापर्यंत जातो, मजुरांना काम सांगतो आणि परत येतो. कोरडवाहू शेतात पऱ्हाटी उपटून झाली, की पावसाळ्यापर्यंत फारसं काम उरत नाही. वणीच्या कोळसा खाणीत यंत्रावर बसणारा, दारव्ह्याचा दुकानदार, पुसदचा शिक्षक, एसटीचा चालक हे तर बाराही महिने बसलेलेच असतात. आईवडिलांच्या कष्टांचा फायदा मुलाच्या शरीराला मिळत नाही.

फायदा कोणता, तेही सांगतो. 2016 साली अमेरिका आणि युरोपमधल्या 14 लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात सर्वांत जास्त हालचाल करणाऱ्यांमध्ये, सर्वांत कमी करणाऱ्यांच्या तुलनेत, 13 प्रकारचे कॅन्सर कमी आढळले. मोठ्या आतड्याचा सुमारे 16 टक्क्यांनी कमी, स्तनाचा सुमारे 10 टक्क्यांनी. हे आकडे नीट समजून घ्या. चालणाऱ्याला कॅन्सर होतच नाही, असा त्यांचा अर्थ नाही. धोका कमी होतो, शून्य होत नाही. शिवाय व्यायाम करणारी माणसं इतरही काळजी घेतात, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या व्यायामाला देता येत नाही. तरीही आतडं, स्तन, गर्भाशयाचं अस्तर, मूत्रपिंड आणि मूत्राशय यांच्या कॅन्सरबाबतचे पुरावे आता भक्कम मानले जातात.

हे घडतं कसं? स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर वापरली जाते आणि इन्सुलिन उतरतं. सतत चढलेलं इन्सुलिन पेशींना वाढायला उत्तेजन देत राहतं. पाळी थांबल्यानंतर बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतून तयार होतं, आणि स्तनाच्या व गर्भाशयाच्या अनेक कॅन्सरना तेच पोसतं. चरबी घटली की हा पुरवठा घटतो. पोटावरच्या चरबीमुळे शरीरात दाहही धुमसत राहतो, तोही व्यायामाने शमतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलेलं प्रमाण सोपं आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. रोज अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस, यापासून सुरुवात करा. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. बैठका, जोर, सूर्यनमस्कार ताकदीसाठी पुरेसे आहेत, जिमची फी भरायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत चालणं आटोपा. पांढरकवडा, राळेगाव, झरी या वाघांच्या पट्ट्यातल्यांनी अंधारात एकट्याने जंगलाकडच्या रस्त्याला जाऊ नये. गावातच, चार जण मिळून चाला.

वेचणीच्या दिवसांत दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला मात्र घरी आल्यावर वेगळं चालायला जा असं मी सांगत नाही. तिला पोटभर जेवण आणि झोप हवी. चालायला जायचं आहे ते तिच्या मुलाने, आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या त्याच्या मित्राने.

आता खऱ्र्याबद्दल, कारण ते टाळून या जिल्ह्यात कॅन्सरवर लिहिणं अप्रामाणिक ठरेल. राज्यात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा शाळकरी मुलांच्याही हातात दिसतो. त्यात सुपारीसोबत तंबाखू आहेच, पण नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलं आहे. कितीही चाललात तरी गालात धरलेल्या खऱ्र्याचा परिणाम पुसला जात नाही. दोन्हींतलं एकच जमणार असेल, तर आधी खर्रा सोडा, चालणं नंतर सुरू करा. माझं हे मत ठाम आहे.

नियमित व्यायाम करणाऱ्यांनीही तपासणी टाळू नये. तोंडातला छाला किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तोंडात तीन बोटं उभी जात नसली, स्तनात गाठ लागली, शौचातून रक्त गेलं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर थांबू नका. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत होते. आशाताईंना विचारा, त्या सांगतील. पुढची गरज पडली तर यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय.

ज्यांचे उपचार झाले आहेत, त्यांच्यासाठी 2025 मध्ये चांगली बातमी आली. आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि किमोथेरपी झालेल्या 889 रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करायला लावला, उरलेल्यांना फक्त आरोग्याची माहितीपत्रकं दिली. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटातले 100 पैकी सुमारे 90 जण हयात होते, दुसऱ्या गटातले सुमारे 83. तेव्हा उपचार संपवून घरी आलेल्या माणसाला महिनोन् महिने खाटेवर झोपवून ठेवू नका. आधी अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, असं हळूहळू वाढवा. मात्र ताप असेल, हिमोग्लोबिन फार उतरलं असेल किंवा आजार हाडांत पसरला असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.