शस्त्रक्रियेच्या टेबलावरची झोप

शस्त्रक्रिया म्हटली की नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे चाकू, टाके आणि रक्ताची बाटली येते. रुग्णाला टेबलावर निजवणार कसे, हे मला आजवर फार थोड्यांनी विचारले आहे. मी भूलतज्ज्ञ आहे व माझे बरेचसे लक्ष याच गोष्टीकडे असते.

रात्री झोपेत हात अंगाखाली आला की मुंग्या येतात व आपण कूस बदलतो. भूल दिलेल्या माणसाला मुंग्या कळत नाहीत आणि कूसही बदलता येत नाही. त्याच्या वतीने हे काम परिचारिका, वॉर्डबॉय व डॉक्टरांनी करायचे असते. माझ्या सुरुवातीच्या काळात एका शेतकऱ्यावर कुशीवर निजवून शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. पण दुसऱ्या दिवशी खालच्या बाजूच्या पायाचे पाऊल त्यांना वर उचलता येईना. गुडघ्याच्या किंचित खाली, बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा असतो. त्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते. तिथे मऊ घडी ठेवायची राहून गेली होती आणि मीही ते पाहिले नव्हते. पाऊल पूर्ववत होण्यास चार महिने लागले. त्या वर्षीची पेरणी त्यांच्या भावाने केली.

तेव्हापासून चादर टाकण्यापूर्वी मी स्वतः हात फिरवून पाहतो. बाजूच्या फळीवर ठेवलेला हात खांद्यापाशी काटकोनाहून अधिक ताणायचा नाही, तळवा वर ठेवायचा. कोपराला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती नस अशाने दाबापासून वाचते. पालथे निजवल्यास डोळ्यांवर भार नको, पोट मोकळे हवे. पाय वर बांधायचे असतील तर दोघांनी मिळून दोन्ही पाय एकदमच उचलावेत व सावकाश एकदमच उतरवावेत. घाई केली तर रक्तदाब उतरतो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आणखी एका गोष्टीचे भान लागते. भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. त्यात रक्तपुरवठा तुटून खुब्यातील हाडाचा गोळा खराब होतो व ऐन तरुणपणी खुबा आखडतो. जागेपणी असा रुग्ण दुखताच ओरडेल. भुलीत तो गप्प असतो, स्नायूही सैल पडतात, आणि आपण पाय भलताच ताणून बसतो. म्हणून पाय कुठपर्यंत फाकतो, हे भुलीपूर्वीच त्याच्याकडून करवून पाहावे. थंडी आणि शरीरातील पाणी कमी होणे, दोन्ही या आजारात घातक. धडगावकडून पहाटे उपाशी निघालेला रुग्ण थंड टेबलावर उघडा ठेवणे म्हणजे त्रासाला आमंत्रणच.

एक्स-रे काढतानाही निजण्या-उभे राहण्याला तितकेच महत्त्व आहे. एक्स-रे ही सावली आहे. म्हणून मोडलेल्या हाडाचे दोन फोटो एकमेकांशी काटकोनातून काढतात. एकात लपलेली चीर दुसऱ्यात सापडते. खुब्याच्या फोटोसाठी पावलांचे अंगठे थोडे एकमेकांकडे वळवतात, नाहीतर मांडीच्या हाडाची मान आखूड दिसते. हाड मोडल्याची शंका असेल तर मात्र पाय जबरदस्तीने वळवू नये.

आतडे किंवा जठर फुटल्याचा संशय असला की रुग्णाला उभे करून फोटो काढतात. “एवढा कळवळतोय आणि वर उभं काय करता?” म्हणून नातेवाईक आमच्यावर चिडतात. पोटात सुटलेली हवा उभे राहिल्यावर वर चढते व छातीच्या पडद्याखाली चंद्रकोरीसारखी दिसते. उताणे निजून काढलेल्या फोटोत ती पसरून नजरेतून निसटू शकते. उभे राहणे शक्यच नसेल तर रुग्णाला काही मिनिटे डाव्या कुशीवर ठेवून बाजूने फोटो घेतात. हवा मग यकृतावर येऊन थांबते व तिथे ती ओळखता येते.